तात्यांचे चार वाजताचे दोस्त

आमच्या घरात लुडो मी आणला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कोणी मला विचारायला नको. सासूबाई अजूनही भांडी आदळता आदळता तेवढं ऐकवतातच.

तात्या म्हणजे माझे सासरे. तुळजापुरात आमच्या घराण्याकडं पुजारीपण किती पिढ्यांचं आहे असं त्यांना विचारलं, तर ते पूर्वजांची नावं घ्यायला लागतात आणि पाचव्या-सहाव्या नावाला ऐकणाऱ्याला जांभई येते. देवीला येणारी गावं इथल्या पुजाऱ्यांमध्ये पूर्वापार वाटलेली. अमुक गावचा माणूस अमुक पुजाऱ्याच्या घरी उतरणार, त्याच्याच हातून पूजा करणार, त्याच्याच पंगतीला पुरणपोळी जेवणार. दुसऱ्याचा यजमान आपल्या घरी उतरवायचा नाही. हे कुठं लिहून ठेवलेलं नाही, पण कोणी मोडलं तर वीस-वीस वर्षं दोन घरांचं बोलणं बंद होतं. त्यामुळं जगातली माणसं भेटल्यावर "कसं काय, बरं आहे ना" म्हणतात, तिथं आमच्याकडं "मूळ गाव कुठलं?" म्हणतात आणि त्याच्यामागोमाग "आडनाव?" तात्या हे रिक्षावाल्याला विचारतात, डॉक्टरला विचारतात, नळ दुरुस्त करायला आलेल्याला विचारतात. माझ्या लग्नाच्या बैठकीत त्यांनी माझ्या वडिलांना आधी मूळ गाव विचारलं, मुलीचं नाव नंतर.

चार वर्षांपूर्वी तात्यांच्या गुडघ्याचं सोलापुरात ऑपरेशन झालं. देऊळ खोलात, पायऱ्या उतरून जायचं, आणि डॉक्टरांनी पायऱ्याच बंद केल्या. देवळातली पाळी माझ्या नवऱ्यानं, कैवल्यनं घेतली. चाळीस वर्षं पहाटे उठून देवळात गेलेला माणूस एकदम घरात बसला. घरात बसलेला पुरुष काय करतो ते बायकांना विचारा. त्यांनी मला फोडणी कशी द्यायची ते शिकवलं. सासूबाईंना, म्हणजे चंद्रप्रभाबाईंना, लग्नाला बेचाळीस वर्षं झाल्यावर चहात साखर कधी घालायची ते सांगितलं. डब्यांच्या जागा बदलल्या. माझी शाळा सकाळची असते, एक वाजता मी घरी येते, तर मीठ सापडायला सव्वा वाजायचा. शेवटी एक दिवस मी त्यांचा मोबाइल घेतला, त्यात लुडो घातला आणि म्हटलं, "तात्या, हे खेळा. कुठली पण चार माणसं एकत्र येतात, खेळता खेळता बोलता पण येतं."

"अनोळखी माणसाशी काय बोलायचं?" तात्या म्हणाले.

आठवड्यात घरातले सगळे डबे आपापल्या जागी परत गेले.

होता होता चौघांचा कंपू जमला. सांगलीचा रणधीर, पन्नाशीचा, हार्डवेअरचं दुकान. नाशिकच्या शिवरंजनीताई, दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. आणि आपल्याच जिल्ह्यातला, मुरुमचा बसप्पा, त्याचं बी-बियाणांचं दुकान. रोज दुपारी चारला डाव मांडायचा. ग्रुपचं नाव रणधीरनं ठेवलं, ‘सहा पडेना’, कारण सहा पडल्याशिवाय सोंगटी घराबाहेर निघत नाही आणि तात्यांना काही केल्या सहा पडायचा नाही. तात्यांना मोबाइल कानाला लावणं जमत नाही, ते स्पीकर लावतात. म्हणजे चार ते सहा आमच्या घरात आम्ही पाच आणि ते तिघं, अशी आठ माणसं राहायची. पाचवा माझा मुलगा, तो क्लासला असायचा, म्हणून सात म्हणा.

पहिल्याच दिवशी तात्यांनी आपलं जातिवंत काम केलं. "रणधीरराव, मूळ गाव कुठलं?"

"मूळ माळेवाडी. का ओ?"

"आडनावानं पाटील?"

"व्हय."

"म्हणजे तुम्ही कोंडीरामांचे!" तात्या असे खूश झाले की हरवलेला चुलतभाऊ सापडला. कोंडीराम हे पलीकडच्या गल्लीतले पुजारी, माळेवाडी त्यांच्याकडं. पलीकडून रणधीर नुसतंच "असंल" म्हणाला होता. त्यात काही खटकण्यासारखं आहे असं मलासुद्धा तेव्हा वाटलं नाही. आम्हाला सवय आहे.

त्या दोन तासांत काय नसायचं! सात वाजताच्या मालिकेची चिरफाड व्हायची. तिच्यातल्या नायिकेची स्मृती तिसऱ्यांदा गेली तेव्हा शिवरंजनीताई चिडून म्हणाल्या, "मी पस्तीस वर्षं दवाखान्यात काढली, एकाची गेलेली पाहिली नाही, हिची दर दिवाळीला जाते." बसप्पा एकदा उमरग्याला लग्नाला गेला, आहेर दिला, दोन पंगतीत वाढलं, जेवला, आणि निघताना कळलं की आपलं लग्न शेजारच्या मंगल कार्यालयात होतं. "आहेर परत मागावं म्हनलं, पन जिलबी लई खाल्ली हुती ओ," म्हणाला. रणधीरनं केसांना कलप लावला तो कानांनाही लागला, चार दिवस दुकानात मफलर गुंडाळून बसला. आणि तात्यांनी सांगितलं की भर पौर्णिमेच्या गर्दीत एका यजमानांची आजी आमच्या माजघरात झोपून राहिली आणि जीप नळदुर्गपर्यंत गेल्यावर घरच्यांनी डोकी मोजली. "आजी उठली तर म्हणाली, गेली का पीडा? आता एक चहा द्या." ह्याच्यावर चौघं इतके हसले की रणधीरची पाळी हुकली.

मी स्वयंपाकघरात ऐकायची आणि मलाही हसू यायचं. पण मला खरं नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. रणधीर तात्यांना अरेतुरे करायचा. महिनाभरातच सुरू झालं ते. "तात्या, लबाडा, माझी सोंगटी मारलीस व्हय! थांब लेका." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी गॅस बंद करून दारात आले. ह्या माणसाच्या पायावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोक डोकं ठेवतात. थोरले काका वारल्यापासून त्यांना अरेतुरे करणारं जगात कोणी उरलं नव्हतं. आणि तात्या? तात्या गुदगुल्या झाल्यासारखे हसायचे. "मारली! काय करतोस?" म्हणायचे. माझ्या लग्नाला चौदा वर्षं झाली, हा आवाज मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकला नव्हता. चार ते सहा ते पुजारी नसायचे, एवढंच होतं ते. तेवढ्यासाठी माणूस दिवसभर वाट बघायचा, साडेतीनला चष्मा पुसून बसायचा.

बसप्पा तर कामानिमित्त तुळजापूरला आला की आमच्या घरी यायचा. दोनदा जेवून गेला. दुसऱ्या वेळी जाताना पाकीट काढायला लागला तर तात्यांनी त्याचा हातच धरला. "दोस्ताकडनं घेतात व्हय रे? ठेव ते." आणि वर सासूबाईंनी त्याच्या बायकोसाठी खण दिला.

गेल्या पौषात रणधीर म्हणाला, "तात्या, येतोय बरं का तुझ्या गावाला. पोराला नोकरी लागली, आईनं नवस बोलला हुता. सोमवारी येतो, सात-आठ माणसं हाय."

तात्यांनी फासा हातातच धरला असता, पण मोबाइलमध्ये फासा हातात नसतो, म्हणून ते नुसतेच बघत राहिले. मग म्हणाले, "घरी उतरायचं. लॉजबिज काय न्हाय. कळलं का?"

"बघू की," रणधीर म्हणाला.

"बघू काय? उतरायचं!"

डाव संपल्यावर तात्यांच्या लक्षात आलं. माळेवाडी कोंडीरामांची. आणि कोंडीरामांशी आमचं नऊ वर्षं बोलणं नव्हतं, ते ह्याच कारणानं. एका नवरात्रात त्यांच्या यजमानांचं एक बिऱ्हाड गर्दीत चुकून आमच्या ओसरीवर रात्रभर टेकलं, त्यावरून. कैवल्य म्हणाला, "तात्या, तुमचे मित्र आहेत ना? मित्र म्हणून येतील. कोंडीरामकाकांचा काय संबंध?" तात्यांनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो गपगुमान अंगणात गेला.

दुसऱ्या दिवशी काठी टेकत तात्या कोंडीरामांच्या दारात गेले. सोबत मी. कोंडीराम ओट्यावर सुपारी कातरत होते. म्हणाले, "वाट चुकला काय?"

"तुमच्याकडंच आलो," तात्या उभ्यानंच म्हणाले. "माळेवाडीचे पाटील येत्यात सोमवारी. यजमान तुमचे. पूजा तुमची, दक्षिणा तुमची, माझा त्यात शब्द न्हाय. फकस्त उतरायला आन् जेवायला माझ्याकडं येऊ द्या. दोस्त हाय माझा."

"दोस्त? त्यो सांगलीचा, तुमी इथं. कुठं गाठ पडली?"

तात्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. "लुडोत."

कोंडीराम इतके हसले की मांडीवरची सुपारी ओट्यावर सांडली. आतून त्यांची सूनही बघायला आली. मला असा राग आला की ती सुपारी उचलून गटारीत टाकावी. तात्या मात्र काठीवर हात ठेवून, हसणं संपायची वाट बघत उभे राहिले. मग कोंडीराम डोळे पुसून म्हणाले, "न्या. पन सोमवारी धा वाजता माझ्या दारात आनून उभं करायचं. शब्द?"

"शब्द," तात्या म्हणाले.

नऊ वर्षांची ताठ मान माणसानं एका सोंगटीच्या मित्रासाठी वाकवली. वाटेत मला त्यांचा अभिमान वाटला, आणि थोडं हसूही आलं.

मग घरात लगीनघाई. रणधीरची आई गौराबाई ऐंशीच्या, गुडघे गेलेले, हे बोलण्यात आलं होतं. आमच्याकडचा संडास खाली बसायचा. तात्यांनी स्वतः दुकानात जाऊन कमोडची प्लॅस्टिकची खुर्ची आणली आणि ती ठीक आहे का हे बघायला अंगणात तिच्यावर बसून पाहिलं, गल्लीतली चार माणसं बघत असताना. गाद्यांना ऊन दाखवलं. रणधीरला आमचं घर सापडावं म्हणून माझा नंबर दिला, कारण नकाशा पाठवणं तात्यांना येत नाही. सोमवारी मी रजा टाकली. पहाटे उठून सासूबाईंनी आणि मी दोन किलो डाळीचं पुरण घातलं.

दहा वाजले. अकरा. तात्या धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर. त्यांनी फोन लावला, वाजून बंद झाला. मी लावला, कोणी तरी कट केला. "गाडी चालवत असंल," तात्या म्हणाले. साडेअकराला कोंडीरामांचा माणूस विचारून गेला. एक वाजता परत. तात्यांनी त्याला सांगितलं, "वाटंत हायत." तीन वाजता सासूबाई म्हणाल्या, "अवो, पोळ्या वातड व्हायल्या." तात्या जेवले नाहीत. संध्याकाळी आम्ही पोळ्या गल्लीत वाटल्या.

सात वाजता मी मोबाइल उघडला आणि रणधीरचं स्टेटस दिसलं. महाद्वारासमोर रणधीर, त्याची बायको, पोरगा, खुर्चीवर बसवलेल्या गौराबाई, सगळ्यांची कपाळं कुंकवानं भरलेली, खाली ‘आई राजा उदो उदो’. दुसरा फोटो एका लॉजच्या दारात, सामान गाडीत चढवताना. त्या लॉजच्या पाण्याच्या टाक्या आमच्या गच्चीवरून दिसतात. दोनशे पावलांवर आहे तो. त्यानं तात्यांपासून स्टेटस लपवलं असणार, आणि माझा नंबर आपल्याकडं आहे हे गडी विसरला.

मी तात्यांना दाखवलं नाही. का नाही दाखवलं? ते ओसरीवर एकटे बसले होते, आणि माझ्यात धमक नव्हती. म्हटलं, उद्या सांगू. सकाळी रणधीरचा निरोप आला, "तात्या, माफ कर. आईला वाटंत चक्कर आली. मंगळवेढ्यातनं माघारी फिरलो." तात्यांचा चेहरा असा उजळला की मी परत गप्प बसले. "बघ, म्या म्हनलं नव्हतं? गडी तसा न्हाय." मग ते काळजीत पडले. म्हातारीला चक्कर, एवढा लांबचा प्रवास, नवस राहिला तो राहिलाच. रोज डाव सुरू व्हायच्या आधी विचारायचे, "मातोश्री कशा हायत?" तो म्हणायचा, "बरी हाय, बरी हाय, खेळ तू."

शुक्रवारी तात्या देवळाच्या पायऱ्या उतरले. ऑपरेशननंतर पहिल्यांदा. कैवल्य एका बाजूला, काठी दुसऱ्या बाजूला, एकेक पायरी, गर्दी दोन्हीकडून वाहतेय. गौराबाईंच्या नावानं त्यांनी देवीला दुधाचा अभिषेक केला, आणि त्याआधी कोंडीरामांना विचारून, कारण नाव माळेवाडीचं. परत वर यायला त्यांना पाऊण तास लागला. रात्री गुडघा एवढा सुजला की सासूबाई शेकता शेकता रडल्या. शनिवारी अंगाऱ्याची पुडी कुरिअरनं सांगलीला गेली. रणधीरनं मोबाइलवर जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं. तात्यांनी ते मला दाखवलं. ह्या सगळ्या आठवड्यात मला सगळं माहीत होतं. मी कणीक मळत होते, पोराचा अभ्यास घेत होते, आणि गप्प होते.

पुढच्या बुधवारी तात्या चारच्या दहा मिनिटं आधीच डावात शिरले. बाकीचे तिघं आधीच आत होते, बोलत होते. तात्या आलेले त्यांच्या ध्यानात आलं नाही. तात्या चष्मा पुसत होते आणि स्पीकर चालू होता.

"अहो पण अंगारा पाठवला त्यांनी तुम्हाला," शिवरंजनीताईंचा आवाज.

"त्या अंगाऱ्याचं बिल येतंय बघा मागनं," रणधीर म्हणाला आणि हशा झाला. "अवो, पहिल्याच दिवशी मला म्हनला, तुम्ही अमक्याचे. म्हटलं, मी काय म्हस हाय, माझा मालक सांगायला? मूळ गाव विचारलं, आडनाव विचारलं, आईचं नाव विचारलं. तीन वर्सं पटवतोय गडी! घरी उतरा, जेवा, कशाला? तिथं गेलं की पाट मांडून बसला असता आणि पाकीट झाडलं असतं. लॉज बरा. दर्शन घेतलं, सुटलो."

"मलाही दर महिन्याला विचारतात, कधी येताय," शिवरंजनीताई म्हणाल्या. "मी आपली मालिकेवर विषय नेते."

मी पोळपाट सोडून दारात आले. तात्यांच्या हातात चष्मा तसाच.

"तात्या तसले न्हाईत ओ," बसप्पा म्हणाला. पण तो थांबला नाही. "तसं बघाया गेलं तर... धंदाच हाय म्हना त्येंचा. आज जेवू घालतेत, उद्या वसूल करतेत. सोडतेत व्हय?" आणि तोही हसला. आमच्या घरचं दोनदा जेवलेला बसप्पा. बायकोसाठी खण नेलेला बसप्पा.

मी मोबाइल हिसकावून घ्यायला पुढं झाले. त्या तिघांना असं झोडपणार होते की पुन्हा आयुष्यात सोंगटीला हात लावला नसता. तात्यांनी नुसता हात वर केला. मला तिथंच थांबवलं. चष्मा डोळ्यांवर चढवला, घसा साफ केला आणि म्हणाले,

"कोणाची पाळी?"

पलीकडचं हसू तिथंच तुटलं. मग रणधीर म्हणाला, "तात्या... तुम्ही कधी आला?" तीन वर्षांनी पुन्हा तुम्ही.

"आत्ताच आलो. मातोश्री कशा हायत?"

"बऱ्या हायत."

"बरं," तात्या म्हणाले. "टाका मग फासा."

त्यांनी पूर्ण डाव खेळला. तासभर. त्या दिवशी त्यांना सहावर सहा पडत होते आणि चारही सोंगट्या सगळ्यांच्या आधी घरात गेल्या. कोणी अभिनंदन केलं नाही. तात्यांनी "चला, येतो" म्हटलं आणि मोबाइल उपडा ठेवला.

मी पाणी घेऊन गेले. त्यांनी घेतलं नाही. विचारलं, "अश्लेषा, तुला ठाऊक होतं?"

खोटं बोलता आलं असतं. "हो तात्या. त्याच दिवशी फोटो पाहिला."

"त्याच दिवशी." त्यांनी पाण्याचा पेला बाजूला सारला. रागावले असते तर बरं झालं असतं. "ते तर परके हायत. त्यांनी मला वळखलं न्हाय, त्यांचं काय चुकलं? पन तू तर घरातली ना. मी पायऱ्या उतरत होतो तवा तू दारात उभी होतीस, माझी काठी तू दिलीस हातात. सांगायचं ना गं."

त्यांना दुखवू नये म्हणून गप्प बसले, असं मी कैवल्यला सांगते, आणि ते खरंही आहे. पण माझ्या गप्प बसण्यानं तात्या आठ दिवस त्या तिघांपुढं वेडे ठरत राहिले, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी तात्या एकटे कोंडीरामांकडं गेले. मला बरोबर घेतलं नाही. माळेवाडीचे पाटील येऊन, लॉजवर उतरून, परस्पर दर्शन घेऊन गेले, माझा शब्द खोटा पडला, असं त्यांनी तिथं उभं राहून सांगितलं. हे मला कोंडीरामांच्या सुनेकडून कळलं. ह्या वेळी कोंडीराम हसले नाहीत म्हणे. म्हणाले, "तुमीच सांगितलं म्हनून कळलं. न्हाय सांगितलं तर मला काय कळनार हुतं?" तात्या म्हणाले, "शब्द दिला होता ना," आणि निघाले.

‘सहा पडेना’ बंद पडला. बसप्पानं सात-आठ वेळा फोन केला, तात्यांनी उचलला नाही. एकदा मी उचलला आणि बोलले. काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिवरंजनीताईंनी एक लांबलचक निरोप पाठवला, गैरसमज, मनात काही नव्हतं, वगैरे. रणधीरनं काहीच पाठवलं नाही. महिनाभर तात्या दुपारी चारला भिंतीकडं तोंड करून झोपायचे. सासूबाई म्हणायच्या, "डबे लावा हवं तर. मीठ कुठं बी ठेवा." ते उठायचे नाहीत. माझ्याशी बोलायचे, पण पाहुण्याशी बोलतो तसं. चहा मिळेल का, असं. चौदा वर्षांत त्यांनी मला ‘मिळेल का’ कधी विचारलं नव्हतं.

फाल्गुनात एका दुपारी त्यांच्या खोलीतून फासा खुळखुळल्याचा आवाज आला. मला इतकं बरं वाटलं की हातातलं काम टाकून मी चहा ठेवला. कप घेऊन दारापर्यंत गेले. खोलीत तात्या उकिडवे बसल्यासारखे मोबाइलवर वाकलेले, आवाज बारीक केलेला. पलीकडं कोणी तरी नवीन माणूस होता, तरणा वाटला आवाजावरून.

"काका, कुठनं बोलताय?"

तात्यांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "सोलापूर."

"काय करता?"

"काय न्हाय आता. पोस्टात होतो. रिटायर."

"मजा आहे मग! चल म्हाताऱ्या, टाक फासा."

तात्या हसले. तेच जुनं, गुदगुल्या झाल्यासारखं. ज्यांच्या तोंडची पूर्वजांची यादी ऐकताना लोकांना जांभया यायच्या, त्यांनी ती सगळी नावं एका वाक्यात पुसून टाकली, आणि त्या पोरानं त्यांना लगेच आपलं म्हटलं. रणधीरच्या थोबाडीत मारावी असं मला त्या फोटोच्या दिवशीही वाटलं नसेल इतकं तेव्हा वाटलं. त्याच्याबरोबर माझ्याही.

तेवढ्यात बाहेरून हाक आली, "तात्या हायत का घरात?" औशाकडच्या आमच्या यजमान कस्तुराबाई, वर्षातून एकदा येणाऱ्या. बरोबर सून, नातवंडं, डोक्यावर गाठोडी. त्यांच्या सासूपासून सगळ्यांची नावं तात्यांना पाठ आहेत, आणि त्यांना पूजेला कैवल्य चालतो पण आधी तात्यांच्या पाया पडायचं असतं.

मी तात्यांकडं पाहिलं. त्यांनी हाक ऐकली होती. मोबाइलवर तळहात दाबून धरला, म्हणजे पलीकडं ऐकू जाऊ नये, आणि मला हळूच म्हणाले,

"न्हाय म्हन. मी घरात न्हाय म्हनून सांग."

मी बाहेर जाऊन तसं सांगितलं.

"बरं की बाई, बसतो आमी," कस्तुराबाई गाठोडं उतरवत म्हणाल्या आणि ओसरीवर टेकल्या. "येतील की. तात्यांना भेटल्याबिगर आमी गेलो व्हय कधी?"

मी त्यांना पाणी दिलं. आतून फासा पडल्याचा आवाज येत होता.